दोनतोंडीचं शीड

ता. ९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या भाचीचं लग्न एकदाचं ठरलं. वीस एप्रिल. मुलगा दातांचा डॉक्टर आहे, बोलतो कमी, त्यामुळे आपल्या घरात खपून जाईल. पण आमच्या कन्येनं अट घातली आहे की आत्या आली नाही तर ती लग्नाला उभीच राहणार नाही. ती हट्टाला पेटली की कोणासारखी दिसते हे मी लिहायला नको, तुझ्या घरी आरसा आहे.

आता अडचण तुला ठाऊकच आहे. डिझेलचा नुसता वास आला तरी तुला काय होतं ते आख्ख्या बसनं पाहिलंय. त्या कंडक्टरच्या तिकिटांच्या पेटीचं जे झालं ते तो अजून विसरलेला नाही. दुकानात घड्याळ दाखवायला आला की आधी तुझी चौकशी करतो आणि मग एक पाऊल मागे सरकतो. वल्ह्यांची होडी होती तोवर तू खाडी ओलांडून दर महिन्याला यायचीस. नावाडी म्हातारा होऊन थकला, होडी बंद पडली, आणि उरल्या त्या सगळ्या इंजिनाच्या बोटी. वल्हं मारायला माझा खांदा साथ देत नाही. मग उरतं काय? वारा.

तर मी शिडाची होडी बांधतोय. हसू नकोस. लांबट, अरुंद, दोन्ही टोकं सारखीच निमुळती. एका बाजूला थोड्या अंतरावर दोन दांड्यांना बांधलेला एक ओंडका पाण्यावर तरंगतो, त्याला उलांडी म्हणतात. ही उलांडी सदैव वाऱ्याच्या बाजूला ठेवायची. आपली घरं समोरासमोर आणि वारा नेहमी समुद्राकडून, म्हणजे जाताना काय, येताना काय, वारा बगलेवरच. परतताना होडी वळवायची नाही. शीड या टोकाकडून त्या टोकाला न्यायचं, की झालं मागचं पुढे. मागावरच्या धोट्यासारखी नुसती जा-ये. ही तिला दोनतोंडी म्हणते. म्हणू दे.

शीड तू शिवायचंस. आराखडा सोबत जोडलाय. मापं मिलिमीटरमध्ये आहेत, ती बोटांनी मोजून माझा अपमान करू नये. उत्तराची वाट पाहतो. लोभ आहेच, या पत्रानं तो कमी न व्हावा.

तुझा,
खटपट्या


ता. १७ जानेवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले, मग परत हसले. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून मनगटाएवढ्या वस्तूत डोकं घालणारा तू, आणि आता एकदम खाडी! तुझ्या बायकोला विचारलंस का? नसशीलच.

त्या पोरीचं पहिलं झबलं मी शिवलं, शाळेचे सगळे गणवेश मी शिवले. तिच्या लग्नाच्या दिवशी मी इथे खिडकीत बसून पलीकडचे दिवे बघत राहायचं, हे माझ्यानं सहन व्हायचं नाही. तेव्हा यायचं तर आहेच. पण माझा देह तुला माहीत आहे. तुझ्या त्या फळकुटात पाय ठेवला तर मी सगळ्यांना घेऊन तळ गाठीन. म्हणून आजपासून रात्रीचं जेवण सोडलंय. मला कोणी समजवायला येऊ नये.

आराखडा पाहिला. हे शीड आहे की टेबलावर घालायचं कापड? सपाट कापडात वारा कशाला थांबेल? वाऱ्यालाही पोट असतं, ते मावायला टक्स घालावे लागतात. ते मी बघते. छत्रीवाल्यानं दुकान आवरताना दिलेलं कापड माझ्याकडे पडून आहे, निम्मं काळं, निम्मं गुलाबी फुलांचं. आवडनिवड विचारत नाही, आहे ते हे आहे.

मशीनला तेल घातलंय. आशीर्वाद आहेतच, सोबत थोडी अक्कलही येवो.

तुझी,
ताई


ता. १२ फेब्रुवारी

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

हे पत्र शाळेत मधल्या सुट्टीत लिहितेय, म्हणजे खांद्यावरून वाकून वाचायला कोणी नाही. तुमचे बंधू तुम्हाला चाचणी उत्तम झाली असं कळवतील. झालं ते असं.

रविवारी तुमचं शीड चढवलं. काठावर जाळी दुरुस्त करणारे हातातलं काम टाकून उभे राहिले. वारा आला, शीड फुगलं, आणखी फुगलं, आणि फुगतच राहिलं. होडी पुढे जायचं सोडून आडवी घसरत गेली आणि लव्हाळ्यात शिरली. तिथून निघायला शीड दुसऱ्या टोकाला न्यायचं होतं. त्यासाठी ह्यांनी एक पितळी रूळ बसवला होता, रुळावर सरकणारी गाडी, गाडीला स्प्रिंग आणि स्प्रिंगला खटका. खाऱ्या पाण्याचा एक शिंतोडा उडाला आणि गाडी जागच्या जागी अडकली. कोणीही शहाणा माणूस शीड सोडून देईल. ह्यांनी खिशातून बारीक पेचकस काढला आणि डोळ्याला भिंग लावलं. तेवढ्यात वारा शिडाच्या पाठीत शिरला आणि आम्ही दोघंही पाण्यात. पाणी कमरेइतकंच होतं म्हणून बरं. मी बाहेर आले तरी हे तिथेच उभे, भिंग डोळ्याला तसंच, आणि पाण्यात पेचकस शोधतायत.

सोमवारी ते कपडे धुऊन वाळत घालायला गेले, तर माझी दोरीच गायब. गॅलरीपासून समोरच्या खांबापर्यंत दोन कप्प्यांवरून फिरणारी, ओढली की कपडे आपोआप पुढे सरकणारी. विचारलं तर म्हणाले की ती संशोधनाला लागणार आहे. आठवडाभर घरातल्या दारांवर चादरी लोंबतायत आणि पाहुण्याला वाटतं आम्ही घर रंगवतोय. हे मी कळवलं असं कळवू नका. आपली माया अशीच राहो, मला तिची सध्या फार गरज आहे.

आपली,
मास्तरीण


ता. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पहिली चाचणी समाधानकारक झाली. होडी तरंगते. ती आडव्या दिशेनंही जाऊ शकते ही नवी माहिती मिळाली. पाणी फारसं गार नाही, हे मी स्वतः तपासलं.

शिडाबद्दल एक नाजूक गोष्ट, रागावू नकोस. ते सैल झालंय. त्यात वारा नुसता शिरत नाही, संसार थाटून बसतो. त्याला एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं निघून जायची वाट हवी, तर होडी पुढे पळेल. शीड कंडक्टरबरोबर पाठवतोय, तो बसमधून आणून देईल. तुला द्यायला त्याला दारात यावं लागणार म्हणून जरा कुरकुरला.

आणखी एक. शीड सरकवायची फार सोपी युक्ती मला सुचली आहे. दोन टोकांना दोन कप्प्या आणि त्यावरून फिरणारी एक अखंड दोरी. पितळी रुळाची गरजच नाही. हिला अजून सांगितलेलं नाही, एकदम दाखवून चकित करीन. राग आलाच तर शिडावर काढ, माझ्यावरचा लोभ तेवढा बाजूला ठेव.

तुझा,
खटपट्या


ता. २६ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

सैल! माझ्या उभ्या हयातीत माझ्या शिवणाला सैल म्हणणारा तू पहिला. दोन दिवस पार्सल उघडलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी दोरीवर टांगून पंखा लावला, आणि बघते तर काय, खरंच पोतं झालं होतं.

हात सवयीचा गुलाम, दुसरं काय. प्रत्येकीला दोन बोटं सैल शिवायचं आणि आत शिलाईत तीन बोटं कापड दाबून ठेवायचं, कारण आज आहे तेवढी बाई पुढच्या वर्षी राहत नाही. शीड अंगानं भरत नाही हे माझ्या हाताला कोण सांगणार? वरचे टक्स काढून टाकले, खालचे निम्मे केले, कड ताठ केली. आता अंगाबरोबर बसेल.

मी चार किलो उतरले. सगळी झंपरं खांद्यावरून घसरतायत, पण तुझी होडी काही माझ्यामुळे बुडणार नाही. आता एक खरं सांग. होडी उलटली होती ना? मला कोणी काही लिहिलेलं नाही, पण शिडाच्या घडीतून शेवाळ निघालं. मला पोहता येत नाही. ती धड चालेल याची खात्री झाल्याशिवाय मी पाय ठेवायची नाही, आणि मग भाचीला काय सांगायचं ते तूच सांग.

आशीर्वाद, आणि त्या माउलीची दोरी परत कर.

तुझी,
ताई


ता. २८ मार्च

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

दोरीचं कळलं. आता ती मीच परत घेत नाही. शीड या टोकाचं त्या टोकाला न्यायचं काम माझ्याकडे आलंय, आणि कपडे सरकवायचा हात असल्यामुळे मी ते ह्यांचं बोलणं संपायच्या आत करते. मागच्या टोकाला बसेल त्यानं सुकाणूचं वल्हं धरायचं, म्हणजे तुमच्या काठाकडे जाताना मी कप्तान आणि येताना हे. जाताना सगळं शिस्तीत होतं.

तुमचं शीड आता असं बसलंय की बघत राहावं. दुखणं तिथूनच सुरू झालं. शीड सुधारलं तसा त्याचा जोर वाढला, आणि दुपारचा झोत आला की उलांडी पाण्यातून वर उचलली जाते. वाळूची पोती बांधून पाहिली. झोतात ती बरी, पण झोत ओसरला की ओंडकाच पाण्याखाली. वजन असं हवं की वारा वाढला की बाहेर सरकेल आणि पडला की आत येईल. मी बसून पाहिलं, तर उलांडीला कोणी बसलंय याचा पत्ताच नाही, शिवाय मी तिकडे गेले तर दोरी कोण ओढणार? कोपऱ्यावरच्या वाण्याला बसवलं. पहिल्या झोताला त्यानं डोलकाठीला मिठी मारली ती काठावर आणल्यावरही सोडेना. मंगळवारी होडी पुन्हा उलटली, या वेळी मधोमध. मासेवाल्यांनी ओढून आणलं.

तेव्हापासून हे दुकानात गेलेले नाहीत. काल म्हणाले की चिखलाच्या दिवसांत ताई त्यांना पाठीवर घेऊन शाळेत पोचवायची, आणि त्यांना तिला एवढीशी खाडी ओलांडून आणता येत नाही. मग रडले, वन्सं. मी त्यांना रडताना फारसं पाहिलेलं नाही. मुलगी लग्न पुढे ढकलू म्हणतेय. मला काही सुचत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं. तुमचा आधार वाटतो, तो असू द्या.

आपली,
मास्तरीण


ता. ४ एप्रिल

चि. खटपट्यास व चि. सौ. मास्तरीणबाईस,
अ. उ. आ.

दोघं शिकलेली, आणि एवढं कळू नये? वजन हवं. पोत्यासारखं मुकं नको, सांगितलं की सरकणारं हवं. दोरी ओढायला नको, वल्हं धरायला नको, नुसतं ठाण मांडून बसायला हवं. अरे, तुझ्या घराण्यात असं माणूस एकच आहे, आणि ती मूर्ख बाई जानेवारीपासून रात्रीची उपाशी झोपतेय!

कालपासून दोन्ही वेळ पोटभर जेवतेय आणि वर मागून घेतेय. सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा सावकाश इकडे या, दुपारी मला घेऊन निघा. भीती वाटते का? वाटते, चांगली वाटते. पण खिडकीतून दिवे बघण्याची भीती जास्त वाटते. लग्न पुढे ढकलायचं नाव काढू नका. तिचा ब्लाउज तयार आहे, पण अंगावर घालून बघितल्याशिवाय मी शेवटची टीप मारत नाही, आणि अंग तिकडे आहे.

रडू नकोस रे. मी येतेय.

तुझी,
ताई


ता. २९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू लग्नात सगळ्यांना सांगत होतीस की तू पूर्ण वेळ डोळे मिटून बसली होतीस. हे साफ खोटं आहे, म्हणून लेखी नोंद करून ठेवतो. पहिल्या झोताला उलांडी उचलली, मी बाहेर सरक म्हणून ओरडलो, तू देवाचं नाव घेत हातभर सरकलीस आणि उलांडी मुकाट्यानं खाली बसली. तिसऱ्या झोतापासून तू मी सांगायच्या आधीच सरकत होतीस. वर म्हणालीस की पाण्यावर चुणी दिसली की वारा आलाच समजायचं, यात कळायला काय अवघड आहे. खाडीच्या मध्यावर तू मला वल्हं नीट धर म्हणून दटावलंस. काठ जवळ आला तेव्हा तुझी भाची अर्ध्या तयारीत पाण्यात धावत आली, आणि तू उतरायच्या आधी तिच्या खांद्याचं माप घेतलंस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते खारं वारं लागल्यामुळे. जावयांनी दात बघावेत तसं माझं तोंड बघितलं, पण बोलले नाहीत. गुणी मुलगा आहे.

आता परवाचं. तुला पोचवल्यावर तू सकाळपर्यंत थांबा म्हणालीस, मला दुकान उघडायचं होतं, मी ऐकलं नाही. वाटेत झोत आला. मी सवयीनं तुला सरक म्हणून ओरडलो. जागा रिकामी. पुढचं तुला हिच्या पत्रातून कळेलच, आम्ही दोघं वाळतोय. पेचकस या खेपेला हिनं शोधला.

शीड चोख आहे, दोरी चोख आहे, डोलकाठी तसूभर हलवायची नाही. होडीत सुधारण्यासारखं काही उरलेलं नाही. म्हणून मी आणि हिनं बसून ठरवलंय की तुला आणायला सकाळच्या वाऱ्यावर यायचं, पण परत पोचवायचं बंद. पोचवलं की येताना आम्ही उलटतो, आणि या वयात ते बरं दिसत नाही. मागची खोली रिकामी झाली आहे, खिडकीतून खाडी दिसते. शिवणाचं मशीन होडीच्या मधोमध बसतं, मी मापं घेतली आहेत, मिलिमीटरमध्ये. सोमवारी सकाळी येतो. तयार राहा, आणि तोवर जेवण टाळू नकोस.

लोभ आहेच, वजन असू द्यावे.

तुझा,
खटपट्या