मोकळ्या जागेचं जहाज

चुडावा, ८ जून २०२५

चि. प्राचीस, ताईचे आशीर्वाद.

फोनवर आई शेजारी बसलेली असते, म्हणून पत्र. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तुझंच पुराण सांगायलीय: आमची धाकटी परदेशातल्या नौदलासाठी लढाऊ जहाजाचा आराखडा करायलीय. चहा मात्र मी करायचा. इंजिनिअरिंगला मार्क मला जास्त होते, ते कुणाच्या ध्यानातबी न्हाई. बाबा गेल्यावर कुणीतरी घरी थांबायचं होतं. मी थांबले, शाळेत गणित शिकवायला लागले. माझा लय जळफळाट होतो, प्राची. जहाजात म्हणे जागा रिकामी ठेवलीस? त्याला एवढं शिकावं लागतं व्हय?

आईचे गुडघे हायत तसेच. थोडी माया माझ्यासाठीबी राहू दे.

तुझी अंबिकाताई


वास्को, २९ जून २०२५

ती. ताईस, सा. न. वि. वि.

ज्यांना जहाजं हवीत तो देश लहान, जहाजं तीनच, आणि ती तीस वर्षं पुरवायची. आज त्यांना वादळात अडकलेली माणसं काढायचीत, उद्या पाणबुड्या शोधाव्या लागतील. म्हणून मागची जागा मोकळी ठेवली. गरज पडेल तसा तिथं दवाखाना बसवा, नाहीतर क्षेपणास्त्रं. दुसऱ्या कंपनीनं सगळी शस्त्रं आधीच बसवून दाखवली. त्यांच्या नौदलाच्या निवड समितीचे प्रमुख मला म्हणाले, तुमचं जहाज अर्धवट दिसतं. काल त्यांनी दुसरं निवडलं.

आईला तूच सांग, मला धीर होत नाही. आणि जळतेस तू? फोनमध्ये मागून तुमच्या कुकरची शिट्टी ऐकू येते, मग मला इथं खोलीवर घास उतरत नाही.

रागव, पण लिहीत जा.

तुझी प्राची


चुडावा, ६ जुलै २०२५

चि. प्राचीस, ताईचे आशीर्वाद.

खरं सांगते, पत्र वाचून आधी मला बरं वाटलं. दुपारभर वाटलं. आईला सांगितलं तर ती जेवली न्हाई. संध्याकाळी शेजारच्या सत्यशीलाकाकू आल्या. म्हणाल्या, बरं झालं, पोरगी लय उडायली होती. दुपारी मी मनात अगदी हेच म्हणले होते. त्यांच्या तोंडून ऐकलं न् डोकंच फिरलं. त्यांना बसवून घेतलं, फरशीवर खडूनं तुझं जहाज काढलं, तीस वर्षांत शत्रूबी बदलतो, हत्यारंबी बदलतात, हे समजावलं. काकू चहा न घेताच गेल्या. आई हसली, म्हणाली, आता मला जेवायला वाढ.

जळफळाट अजून हाय. तो काही जायचा न्हाई. पण पोळ्याला ये. मागचं वजन असं बदलत राहिलं तर तोल कसा सांभाळतेस, ते खडूनं काढताना मला जमलं न्हाई. तेवढं समजावून सांग.

वाट बघणारी,
अंबिकाताई