खांदेकरी

प्रिय तनया,

प्रभूमध्ये सलाम. तुझा निरोप ख्रिसमसनंतर आला आणि आता लेंटचे उपासाचे दिवसही सुरू झाले, तरी माझं उत्तर नाही. तू लिहिलं होतंस की ईस्टरनंतर तू आणि नीरज लग्न करताय, चर्चच्या मंडळीतली थोडी माणसं असतील, आणि तुझे वडील तू लहान असतानाच गेले म्हणून वेदीपर्यंत मी तुझा हात धरून चालावं अशी तुझी इच्छा आहे. शेवटी लिहिलंस, "पप्पा, जमणार नसेल तर मी एकटी चालत जाईन. राग धरणार नाही." बाकीचं सगळं मी एकदा वाचलं. हे शेवटचं वाक्य मात्र रोज वाचतो. मम्मी सुरुवातीला दिवसाआड विचारायची, मग विचारायची थांबली आणि सरळ साडी आणली. परवा म्हणाली, "फाइल किती दिवस दाबून ठेवणार आहात? सही करा नाहीतर शेरा मारून परत पाठवा." जन्मभर सरकारी ऑफिसात काढल्यावर बायकोकडून हेच ऐकायला मिळणार.

माझं लक्ष कुठेच लागत नाही, हे तुला लिहायला संकोच वाटतो. यश गेला, माझा मुलगा आणि तुझा नवरा, त्यानंतर पहिले काही महिने मी गप्प होतो, पण स्थिर होतो. आता तसं नाही. पेपर उघडतो आणि मिटतो. घट्ट असलेले नळ पुन्हा घट्ट करतो. सकाळी सोसायटीच्या बागेत फिरायला जातो, एक फेरी झाली की वाटतं घरी काहीतरी राहिलं, घरी आलो की वाटतं बागेत राहिलं. मध्ये एकदा तुझ्याकडे यायला निघालो होतो. मयूर विहारहून मेट्रोत बसलो, द्वारका सेक्टर दहाला उतरलो, जिन्यापर्यंत आलो. तिथे एक छोले-कुलचेवाला आहे. त्याच्याकडे उभ्याने खाल्लं, भूक नव्हती तरी, आणि परतीची गाडी पकडली. मम्मीने विचारलं तनया कशी आहे, तर म्हटलं बरी आहे. आता ती हे पत्र टाकायच्या आधी वाचेल, म्हणजे तेही कळेल.

तिनेच मला सुनेत्राबाईंच्या घरी नेलं. तुला त्या आठवतील, नाशिकच्या, शाळेत शिकवायच्या, यशकडून रविवारच्या शब्बाथ शाळेत त्यांनीच स्तोत्रं पाठ करून घेतली होती. दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे आपली काही मराठी माणसं जमतात. गाणं नाही, उपदेश नाही. फोन टोपलीत ठेवायचे. शास्त्रातला एक छोटा भाग त्या तीनदा वाचतात, सावकाश. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा आपण त्या जागी आहोत असं समजून कुठेतरी उभं राहायचं. तिसऱ्या वाचनानंतर बराच वेळ शांत बसायचं आणि मग जे मनात आलं ते देवाला लिहायचं. ज्याला वाचून दाखवायचं त्याने दाखवावं. बाकीच्यांनी फक्त आमेन म्हणायचं. सल्ला द्यायचा नाही, धीर द्यायचा नाही, हा बाईंचा कडक नियम. धीर देणाऱ्यांना मी कंटाळलो होतो, म्हणून हा नियम मला आवडला. शांतता मात्र सोसवेना. सगळे डोळे मिटून बसलेले आणि मी फ्रिजचा आवाज ऐकतोय, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकतोय, खाली ई-रिक्षावाला कोणाशी भांडतोय ते ऐकतोय. माझी बोटं गुडघ्यावर वाजत होती, तर मम्मीने हात ठेवून थांबवली.

आणि लिहायचं म्हणजे काय लिहायचं? मला एकच लिहिणं येतं. मी पेन उचललं आणि हाताने आपोआप वर लिहिलं, विषय. मग मुद्दा एक, मुद्दा दोन. शेवटी लिहिलं, योग्य त्या आदेशासाठी सादर. बाईंनी म्हटलं वाचून दाखवा, तर मी वाचलं. आमेन कोणी म्हणेना, सगळ्यांनी तोंडावर रुमाल धरलेले. बाई स्वतःचाच नियम मोडून म्हणाल्या, "दिनकरराव, देवाकडे प्रार्थना करताय की स्मरणपत्र पाठवताय?" मीही हसलो. यश गेल्यानंतर लोकांच्यात हसलो तो तेव्हाच. बाई मग म्हणाल्या की असंच लिहीत चला, त्याला सगळ्या प्रकारची लिखापढी वाचता येते.

त्यानंतरच्या शनिवारी त्यांनी लूकच्या शुभवर्तमानातला नाईन गावच्या विधवेचा भाग घेतला. तू जाणतेसच. तिचा एकुलता एक मुलगा गेलेला, गावकरी त्याला वेशीबाहेर नेत आहेत, समोरून प्रभू येतो आणि तिरडीला हात लावतो. आपल्या मराठी शास्त्रात तिथे शब्द आहे, खांदेकरी. ते थांबतात. मग मुलगा उठून बसतो. बाईंनी सांगितलं, गर्दीत आपापली जागा शोधा. मम्मीला शोधावी लागली नाही, ती डोळे पुसत होती. मी कितीही ठरवलं की कडेला उभं राहू, बघ्यांत उभं राहू, तरी माझ्या उजव्या खांद्यावर लाकूड आलंच.

तुला हे सांगणं बरोबर आहे की नाही माहीत नाही, पण त्या थंडीच्या सकाळी कबरस्तानाच्या गेटपासून यशची पेटी उचलली तेव्हा पुढे दोघं होतो. डाव्या बाजूला मी, उजव्या बाजूला नीरज. मध्ये पेटी, त्यामुळे त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. खालचे बूट तेवढे दिसत होते, काळे, दवाने आणि मातीने माखलेले. आणि ते बूट नीट पडत नव्हते. छोटी छोटी, घासत टाकलेली पावलं, मध्येच अडखळल्यासारखी. मी मनात म्हटलं, हा यशचा एवढा जिवाभावाचा मित्र, ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारा, आणि याला माझ्या मुलाच्या शेवटच्या वाटेवर पावलाला पाऊल मिळवता येत नाही. मी कोणाला बोललो नाही. पण तुझ्या निरोपात त्याचं नाव वाचलं तेव्हा पहिल्यांदा ते बूटच डोळ्यांसमोर आले. तनया, माणूस किती क्षुल्लक गोष्ट धरून बसतो! तू एकटी राहावीस असं मला कधीच वाटलं नाही. पण हाच का, असं वाटत राहिलं, आणि त्याचं कारण विचारलं असतंस तर मी बूट कसे सांगितले असते?

त्या शनिवारी मी वाचून दाखवलं नाही. बाई म्हणाल्या, घरी जाऊन लिहा आणि आपल्या ग्रुपवर टाका. दुसऱ्या दिवशी मी फोनवर टाइप केलं. विषय, मध्येच थांबण्याबाबत. आम्ही थांबलेलो आहोत. वजन खांद्यावर आहे. खाली ठेवावं की पुढे न्यावं, याबद्दल कोणत्याही सूचना नाहीत. कृपया लक्ष घालावे. पाठवलं, चष्मा काढला, आणि लगेच फोन वाजायला लागला. मी ते आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं. आपल्याकडची लिफ्ट वजन जास्त झालं की मध्येच थांबते, हे तुला ठाऊक आहे. सेक्रेटरी राघवने त्यातलं वजन आणि कृपया एवढं वाचलं आणि उत्तर दिलं, "अंकल जी, आप लिफ्ट में हैं क्या? घबराइए मत, आ रहा हूँ." मी उत्तर लिहीपर्यंत तो जिने चढून दारात, हातात लिफ्टची किल्ली, कपाळावर घाम. मी चपला घालून समोर उभा. म्हणाला, "अंकल, जान निकाल दी आपने." मम्मीने त्याला बसवलं, चहा टाकला.

आता त्याला काहीतरी सांगणं भागच होतं. मी माझ्या सरकारी हिंदीत नाईनची गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना यशची सांगून झाली. या बिल्डिंगमध्ये इतकी वर्षं राहून मी बाहेरच्या कोणाला ती सांगितली नव्हती. राघव मेरठकडचा. गेल्या वर्षी त्याचे वडील गेले. तो कप खाली ठेवून ऐकत राहिला. मग मी कबरस्तानातलंही बोललो, की माझ्याबरोबर पुढे जो होता त्याला धड चालता येत नव्हतं. त्याने विचारलं, "लंबा था क्या आपसे?" मी म्हटलं, बराच, माझं डोकं त्याच्या खांद्याला लागतं. तो म्हणाला, "तभी. हमारे यहाँ तो कद देखकर जोड़ी लगाते हैं, अंकल. नहीं तो लंबे वाला सीधा चलेगा और सारा बोझ छोटे वाले पर. आपके ऊपर आया था क्या?"

नाही आला. पेटी सरळ होती. माझ्या वाट्याचं होतं तेवढंच माझ्या खांद्यावर होतं, हे मला त्या क्षणी अंगात आठवलं. राघव चहा संपवून गेला. मम्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं, तर म्हणाली, "तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? गेटपासून खड्ड्यापर्यंत तो पोरगा गुडघ्यात वाकून चालत होता. एकदा त्याचा पाय थरथरला, मला वाटलं पडतोय आता. मी मागून तेवढंच बघत होते. दुसरीकडे कुठे बघणार होते मी?" आणि ती पोळ्या करायला आत गेली.  मी उठून हॉलमध्येच गुडघे थोडे वाकवून भिंतीपर्यंत चालून पाहिलं. पावलं छोटीच पडतात, घासतात. चार-सहा पावलांत मांड्या भरून आल्या. मम्मीने आतून पाहिलं असणार.

काल पुन्हा शनिवार होता. बाईंनी माझ्यासाठी तोच भाग पुन्हा वाचला. माझी अस्वस्थता गेली असं मी लिहिणार नाही. बोटं कालही वाजली. आपला यश उठून बसला नाही, आणि त्याबद्दल माझं देवाशी जे आहे ते मिटलेलं नाही. ते मी त्याला लिहिलंय, मुद्दे घालून. पण या वेळी मी खांदेकऱ्यांकडे नीट पाहिलं. शास्त्र त्यांच्याबद्दल एवढंच सांगतं की ते थांबले. त्यांना कोणी काही समजावलं नव्हतं. अजून काहीही चांगलं घडलेलं नव्हतं. हात लावला आणि ते थांबले, एवढंच त्यांचं काम होतं. मी मात्र त्या सकाळपासून चालतोच आहे, बागेत, मेट्रोत, घरात, खांद्यावर ते लाकूड घेऊन. काल विषय न टाकता एकच ओळ लिहिली, प्रभू, मी थांबतो. वाचून दाखवली. सगळे आमेन म्हणाले, बाई जरा उशिरा म्हणाल्या.

फोनवर माझ्याने हे बोलवलं नसतं, म्हणून लिहिलं. तनया, तू एकटी चालत जायचं नाहीस. मी येतो. तुझा हात धरून वेदीपर्यंत चालेन, आणि माझी पावलं छोटी पडतात, ती तू सांभाळून घे. लग्न झाल्यावरही मला पप्पाच म्हण, एवढी माझी अट समज किंवा विनंती. आणि नीरजला माझा सलाम सांग. त्याला सांग, तू वेदीपाशी उभा असशील तेव्हा अगदी सरळ उभा राहा, जेवढा उंच आहेस तेवढा. या वेळी आपल्या दोघांच्या मध्ये काही नसेल आणि मला मान वर करून तुझा चेहरा बघायचा आहे.

तुझाच,
पप्पा