अठ्ठावन्न किलोंचं पोतं

मंगळवार, जेवणं आटोपल्यावर

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा हा नमस्कार कागदावरच झाला असं समजावं. का धरली ते पुढे येईलच.) इकडे आम्ही सगळे ठीक. तुझा डावा गुडघा कसा आहे? दोन जिने उतरून भाजी आणायला जातेस, की अजून खिडकीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडतेस आणि तळमजल्यावरच्या शिंपीणबाई ती भरून देतात? मागच्या पत्रात तू "बरं चाललंय" एवढंच लिहिलं होतंस. तुझं "बरं चाललंय" मी साठ वर्षं ऐकतो आहे. लहानपणी दारात बोट चेंगरलं तेव्हाही तू हेच म्हणाली होतीस.

आता विषयाला हात घालतो. भावोजी गेल्यावर तू मला बजावलं होतंस, की माझ्यापुढे मोटारसायकल हा शब्द काढायचा नाही. चार वर्षं मी ते पाळलं. वास्तविक भावोजी गेले ते अंथरुणात, त्यात मोटारसायकलचा काडीचा दोष नव्हता, पण तुझ्याशी वाद कोण घालणार? फोनवर नुसतं "मोटार" म्हटलं तरी तू कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवतेस. म्हणून पत्र. पत्र मध्येच ठेवून दिलंस तरी पुन्हा उचलता येतं.

तर मी मोटारसायकल घेतो आहे. निवृत्त झाल्यावर माणसाने काय करावं याबद्दल जो तो सल्ला देतो, पण तीस वर्षं दुकानादुकानांतून तराजू आणि वजनं तपासत हिंडलेल्या माणसाला घरात बसवत नाही, हे कोणी लक्षात घेत नाही. ही म्हणाली, घ्या, पण ही शेवटची. नंतर "ती दुसरी घ्यायला हवी होती" असं एकदा जरी तोंडातून निघालं, तर मी ऐकून घेणार नाही. एकसष्टाव्या वर्षी घेतलेली चुकीची गाडी पुढे बदलता येत नाही, हे मलाही कळतं. म्हणून नीट निवडायची आहे, आणि शनिवारपर्यंत निवडायची आहे, कारण दोन्ही दुकानदारांनी माझ्यासाठी एकेक गाडी तेवढ्याच दिवसांपुरती अडवून ठेवली आहे.

दोनच गाड्या डोळ्यांसमोर आहेत. एक लाल, एक करडी. दोन्ही लांब पल्ल्याच्या, दोन्हींची टाकी सारखी, ताकद सारखी, वजनात एका किलोचा फरक. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, दोन्ही सारख्याच आहेत तर चूक होणारच कशी?" तिला काय कळणार! आमच्या खात्यात सगळ्यात जास्त लबाडी सापडायची ती अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन वजनांतच. म्हणून मी वही घातली. त्रेचाळीस मुद्दे काढले, आरशाच्या दांडीपासून स्टँड पाडायला लागणाऱ्या जोरापर्यंत, आणि रोज एका दुकानात जाऊन ते तपासू लागलो. ही म्हणाली, माझ्याशी लग्न ठरवायला तुम्हाला अर्धा तास लागला होता. मी म्हटलं, तेव्हा अनुभव नव्हता. (हे वाक्य मला नंतर दोन दिवस महागात पडलं.)

दुकानं रस्त्याच्या समोरासमोर आहेत आणि दोन्हींचे विक्रेते एकमेकांचे साडू. गिऱ्हाइकावरून भांडतात, पण डबा एकत्र खातात. लालवाला गोड बोलतो, करडीवाला कमी बोलतो. मी टेप घेऊन आलो की एक जण दुसऱ्याला फोन करतो, हे मला काचेतून दिसतं. त्यांनी माझं नाव "इंचकाका" ठेवलं आहे. ठेवोत बापडे. एकदा मी लालवाल्याला म्हटलं, तू चालव, मी मागे बसतो. तो म्हणाला, काका, गाडी तुम्ही घेणार ना? मी म्हटलं, बसून तर बघू दे. मग समोर जाऊन करडीवाल्यालाही तेच सांगितलं. एकसष्ट वर्षांचा गृहस्थ पाळीपाळीने दोघा साडूंच्या मागे बसून, गुडघ्याला टेप लावत चक्कर मारतो आहे, हे दृश्य त्या रस्त्याने पाहिलं. समोरच्या बँकेतला कारकून बाहेर येऊन उभा राहिला होता.

त्यातून जे निघालं ते असं. लालची मागची सीट दोन इंच खाली, त्यामुळे चढायला सोपी, पण पाय ठेवायची जागा उंच, त्यामुळे गुडघा फार दुमडतो. करडीवर पाय ऐसपैस सुटतो, पण चढायचं म्हणजे डाव्या पायावर सगळं अंग तोलून उजवी टांग टाकायची. (समजा, बसणाऱ्याचा डावाच गुडघा दुखरा असेल. समजा म्हटलं.) म्हणजे एकीवर बसता येतं पण बसून राहता येत नाही आणि दुसरीवर बसून राहता येतं पण बसता येत नाही. इकडे आड तिकडे विहीर. त्रेचाळीस मुद्द्यांत लालला एकवीस, करडीला एकवीस. सहा आठवडे डोंगर पोखरला आणि हा उंदीर. एकच रकाना रिकामा राहिला: "मागे वजन ठेवून चक्कर".

हिला बसवावं, तर तुला माहीतच आहे, दुचाकीवर बसलं की हिला मळमळतं. लग्नानंतर पहिल्यांदा तुझ्या घरी आलो तेव्हा तुझ्या दारातल्या कुंड्यांचं काय झालं ते आठव. तेव्हा मी पोतं करायचं ठरवलं. अठ्ठावन्न किलो. अठ्ठावन्नच का, ते विचारू नकोस. वाळू आणली, तोलली, भरली. पण माणूस काही पोत्यासारखा एका जागी बसत नाही, त्याच्या पायांचं वजन खाली असतं, म्हणून दोन उशांच्या खोळींत वाळू भरून त्या दोन्ही बाजूंना सोडल्या. वाळू सीटवर सांडू नये म्हणून हिने जुना रेनकोट दिला. हेल्मेटचंही वजन धरायला हवं, म्हणून नवं आणलेलं हेल्मेट वर बांधलं आणि आत उशी कोंबली. प्रत्येक पायरीला कारण होतं, ताई. फक्त सगळ्या पायऱ्या चढून झाल्यावर लांबून बघितलं, तेव्हा ते कोणीतरी खाली मान घालून बसलंय असं दिसत होतं. ते टॅक्सीतून दुकानापर्यंत नेऊन सीटवर चढवताना माझी कंबर गेली, ती ही.

लालवाल्याने कपाळाला हात लावला, पण गाडी दिली. मी निघालो. खरं सांगतो, फार बरं वाटलं. मागे वजन असलं की गाडी रस्त्याला धरून चालते. थोडं पुढे गेल्यावर मी पोत्याशी बोलायलाही लागलो. वारा लागतोय का, वळण येतंय, धरून बस, असं. आणि हे बोलत बोलत मी चौक ओलांडून तीनशे मीटर पुढे गेलो, पण पोतं आलं नाही. चौकाआधीच्या गतिरोधकावर दोरी सुटून ते मागेच राहिलं होतं.

परत आलो तर ही गर्दी. बसथांब्यावरची एक नर्स धावत येऊन खाली बसली होती आणि रेनकोटच्या गळ्यापाशी नाडी शोधत होती. एक आजोबा काठी उगारून माझ्या अंगावर आले, "अहो, मागचं माणूस पडलं तरी पत्ता नाही तुम्हाला? माणूस आहात की कोण?" मी काय सांगणार? सांगायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, वर तोंड करून बोलतोय बघा. तेवढ्यात वाहतूक पोलीस आला, त्याने वही काढली आणि विचारलं, मागे कोण होतं, तुमचं कोण लागतं? घाबरलेल्या माणसाच्या तोंडून खरं निघतं म्हणतात, तसं माझ्या तोंडून काहीतरी निघून गेलं. मग त्याने हेल्मेटची काच वर केली, आत उशी बघितली, हळूच वही बंद केली आणि मला सावलीत बसवून पाणी दिलं. फार सौम्यपणे बोलला. घरी कोण कोण असतं, असं विचारत होता. नर्सने मग माझीच नाडी बघितली.

दहा मिनिटांत ही बातमी रस्त्यापलीकडे पोचली. करडीवाला एरवी शब्द मोजून बोलणारा, पण त्याने चक्क अट घातली: काका, आमच्या गाडीवर पोतं चढणार नाही. चक्कर मारायची तर मागे जिवंत माणूस आणा. लालवाल्यानेही साडूचीच री ओढली. गाड्या दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या मिस्त्रीला दोन्ही दुकानांत घेऊन गेलो, म्हटलं तूच सांग बाबा, कुठली घेऊ. त्याने दोन्ही गाड्या चालू करून कान लावला आणि म्हणाला, दोन्हींची तब्येत उत्तम आहे, तब्येत तुमची दाखवून घ्या.

तेव्हा रिकामा रकाना अजून रिकामाच आहे. सध्या सुताराकडून एक घडीची पायरी करून घेतली आहे, दोन वीत उंचीची, गाडीच्या बाजूच्या पेटीत बरोबर मावते. तीवर उभं राहिलं की करडीवरही टांग आपोआप पडते. मी स्वतः डावा गुडघा कापडाने आवळून बांधून, करडीच्या सीटएवढ्या उंच कुंपणाच्या भिंतीवर टांग टाकून बघितलं आहे. (शेजाऱ्यांनी हेही बघितलं. आता त्यांना कशाचंच काही वाटत नाही.)

बाकी क्षेम. तब्येतीला जप. गोळ्या वेळेवर घे. पत्र लांबलं, रागावू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. १: मुलगी शुक्रवारी सकाळी चारचाकी घेऊन तुझ्याकडे येते आहे. सहज. तू दोन दिवस आमच्याकडे यावंस असं हिच्या फार मनात आहे. जाड कापडाची सलवार किंवा पँट असेल तर बरोबर घे. शनिवारी अकरा वाजता करडीवाल्याची वेळ घेतली आहे.

ता. क. २: अठ्ठावन्न किलोंचं विचारशील, म्हणून लिहितो. भावोजी दवाखान्यात होते तेव्हा बाहेर वजनकाटा होता. तू कोणी बघत नाही असं बघून त्यावर उभी राहिली होतीस. काटा दिसला की वाचायचा, ही माझी जन्माची खोड. तेव्हा छप्पन्न भरली होतीस. दोन किलो मी चार वर्षांचे आणि तुझ्या हट्टाचे धरले. चुकलं असेल तर कळव, मात्र खरं कळव.

ता. क. ३: त्या पोलिसाने कोण लागतं विचारलं तेव्हा मी "मोठी बहीण" असं सांगून बसलो. ताई, चौदा वर्षं दर वर्षी भावोजी आणि मी त्यांच्या मोटारसायकलवरून त्या दीपगृहापर्यंत जाऊन यायचो आणि येताना तुझ्यासाठी किनाऱ्यावरचा एक गोटा आणायचो. त्या चौदा गोट्यांची बरणी अजून तुझ्या खिडकीत आहे, मागच्या खेपेला बघितली. दर वेळी परत निघताना भावोजी म्हणायचे, पुढच्या वर्षी हिला आणू. आणि मी काहीच बोलायचो नाही, कारण मागची सीट एकच होती आणि तीवर मी बसलो होतो. तू डबा भरून द्यायचीस आणि दारात उभी राहायचीस. ती सीट तुझी होती गं. मला तेव्हाही कळत होतं, आणि तरी मी उतरलो नाही. याची मला लाज वाटते. नको वाटलं तर नुसती दुकानापासून चौकापर्यंत चल. बरं वाटलं तर पुढे बघू. पंधरावा गोटा तू स्वतः उचल.

ता. क. ४: हेल्मेट तुझ्याच मापाचं आहे. उजव्या बाजूला एक ओरखडा दिसेल, तो मनावर घेऊ नकोस. बाकी नवंच आहे, पोत्याने एकदाच वापरलं आहे.