बालवाडीची जागा

आक-ताल,
२ ऑक्टोबर

नुरिलाच्या बाबांना,

आधी सलाम घ्या. इकडे सगळे धडधाकट आहेत, तुमच्या आईंचे गुडघे सोडून. ते थंडी पडली की दरवर्षी कुरकुरतातच. बटाटे काढून झाले, मेंढ्या डोंगरावरून उतरल्या. तुमची आत्येबहीण जिपार उद्या तुमच्याकडे नोवोसिबिर्स्कला निघालीय, तिच्या हाती घरच्या वाळवलेल्या दह्याचं कुरुत आणि हे पत्र देतेय. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही हसता, आणि तुम्ही हसलात की माझं बोलायचं राहून जातं.

आता गावची बातमी. यंदाही बिश्केकहून त्या आराखड्याच्या बाई आल्या होत्या. तुम्ही जाण्याआधी शाळेच्या हॉलमध्ये सगळं गाव बसवून त्यांनी विचारलं होतं ना, वीस वर्षांनी गाव कसं हवं? म्हातारे म्हणाले होते, वीस दिवसांनी पाणी येईल का, तेवढं सांगा. तर पाणी आलं, पार डोंगराकडच्या शेवटच्या घरापर्यंत. नदीकाठची पायवाट झाली. दिवे लागले, त्यातले निम्मे पोरांनी फोडले तो भाग वेगळा. झालेल्या कामाला नकाशावर हिरवा रंग, अर्धवटाला पिवळा, राहिलेल्याला लाल. मी आता गावच्या समितीची सभासद, म्हणून पुढच्या बाकावर बसते. आई म्हणतात, सून घरात ऐकत नव्हती, आता गावाला ऐकवते.

लाल एकच उरलंय, आपल्या आळीतली बालवाडी. जागेपाशी घोडं अडलंय. जागा कुठून येणार? ओळीने अर्धवट बांधलेली, बिनछपराची घरं उभी. एकाचा मालक कोरियात, एकाचा मॉस्कोत, एकाचा कुठे आहे ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नाही. भिंतींच्या आत गवत माजलंय. आणि बाया हमरस्ता ओलांडून पोरं खालच्या बालवाडीत नेतात. मार्चमध्ये आपल्या शेजारणीची धाकटी बर्फावर घसरली ती थेट खाणीच्या ट्रकपुढे. ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक मारला म्हणून निभावलं.

ही बालवाडी मागायला पहिल्या सभेत कोण उठलं होतं, आठवतं? मी पोटुशी होते. तुम्ही म्हणालात, "माझं पोर हा रस्ता ओलांडणार नाही." केवढ्या टाळ्या पडल्या होत्या. तुमच्या पोरीने तो रस्ता माझं बोट धरून ओलांडला, मोठी झाली, आता शाळेत जाते.

कुरुत कोरड्या जागी ठेवा. मागच्या खेपेला बुरशी आली, तरी खाल्लंत म्हणे. एवढं कशाला हो?

बरं, सांगतेच आता. किती टाळू?

बाईंनी विचारलं, जागा कोण देतंय? सगळे आपापल्या बोटांची नखं बघायला लागले. अध्यक्ष बैश आजोबा म्हणाले, मालक गावात नाहीत, विषय पुढच्या वर्षी घेऊ. मी हात वर केला. जाताना तुम्ही मुखत्यारपत्र माझ्या नावाने करून दिलं होतं, छपराचे पत्रे घ्यायला सोपं जावं म्हणून. ठरावासाठी मालकाचं नाव, वडिलांच्या नावासकट, सभेत मोठ्याने सांगावं लागतं. आजोबा मला सांभाळून घेत म्हणाले, "सूनबाई, तू बस. नाव मी घेतो." तुमचं किंवा सासऱ्यांचं नाव मी कधी तोंडातून काढलेलं नाही, हे गावाला माहीत आहे. मी म्हटलं, नको. आणि घेतलं, दोन्ही नावं, आधी त्यांचं, मग तुमचं. आवाज कापत होता, पण मागच्या बाकापर्यंत गेला. इथे मात्र लिहवत नाही.

तर आपलं ते बिनछपराचं घर मी देऊन टाकलं. भिंती पाडल्यासुद्धा.

मला वाटलं, आई घर डोक्यावर घेतील. त्यांनी माझ्यापुढे चहाची वाटी सरकवली आणि म्हणाल्या, "मी मुलगा वाढवला होता, भिंती नाही." मग आम्ही दोघी रडलो. आधी त्या.

बालवाडीसाठी दिलं, हे खरं आहे, पण अर्धंच. आधी तुम्ही भिंती झाल्या की येणार होता. मग छप्पर झालं की. छप्पर झालं असतं तर खिडक्या निघाल्या असत्या, मला काय माहीत नाही? तिकडे तुम्ही परक्यांच्या घरांवर छपरं घालताय, आणि इकडे येता-जाता तुमच्याऐवजी मला त्या भिंती दिसायच्या. मला त्यांचा राग राग यायला लागला होता. मला तुम्ही हवे आहात हो. दारात मध्येच काढून ठेवलेले तुमचे बूट हवेत, त्यांना अडखळून तुमच्यावर ओरडायचंय मला. नुरिला सांगते, बाबा फोनमध्ये राहतात. मैत्रिणींना ती अभिमानाने सांगते, आणि मला आत कुठेतरी तुटतं.

डोंगराकडे बदली जागा मिळते, मागितली तर. मी मागितलेली नाही. मागायची तर दोघांनी जाऊन मागू. एकटीला मला ती नको.

रागवायचं तर रागवा, हक्क आहे तुमचा. पण रागाच्या भरात पुन्हा छपराचं बोलू नका. आता एवढंच विचारते, घर नाही, भिंती नाहीत, नुसती मी आहे. याल?

उत्तर "नाही" असेल तर दोन ओळी लिहून, जिपार परतताना तिच्या हाती द्या, मी वाचीन. "हो" असेल तर काहीच लिहू नका. तुम्हीच या.

तुमची,
सोनुन