सर्वनाशसाहेबांची टकटक

४ मार्च, सोमवार

अकरा टेक! आणि एकही माझ्या चुकीने नाही. सर्वनाशसाहेब — म्हणजे मी, चंदेरी कोट, गालावर चिकटवलेला व्रण — गुप्तहेराला खुर्चीला बांधून धमकी देतात: "आता हे शहर मी... म्हणजे बघा..." — टेबलावर दोन बोटांनी टकटक — "...बेचिराख करीन!" आणि बटण दाबतात, तर स्वतःच्याच अड्ड्यातले दिवे जातात. दर वेळी कुणाला ना कुणाला हसू फुटायचं. एकदा कॅमेरावालाच हसला आणि चित्र हललं.

दिग्दर्शक म्हणाला, "साहेब, तुमची ती टकटक म्हणजे सोनं आहे. तीन भाग तिने काढले, चौथाही तीच काढणार." मी नम्रपणे मान हलवली. नम्रपणा मला छान जमतो.

वहिनीचे पाच मिस्ड कॉल. उद्या करतो.

५ मार्च

दादाने शाळा सोडली. सव्वीस वर्षं भूगोल शिकवला, निवृत्तीला चार वर्षं उरली आणि एका ओळीचा राजीनामा! वहिनी म्हणाली, "कारण सांगत नाहीत. जेवतात, पेपर वाचतात, गप्प बसतात. भावोजी, तुम्ही विचारून बघा ना."

विचारतो म्हटलं. फोन ठेवला आणि दादाकडे न जाता उद्याचे संवाद पाठ करत बसलो. का ते ठाऊक आहे. आज लिहीत नाही.

६ मार्च

शाळेत गेलो. दादाला विचारण्यापेक्षा शाळेला विचारणं सोपं — असा मी शूर! मुख्याध्यापक बाई नव्या, याच वर्षी आलेल्या. मला पाहून खुर्चीतून उठल्याच. "अय्या, तुम्ही सरांचे भाऊ? सर कधी बोलले नाहीत!"

मग सांगितलं. सुट्टीत तिसरा भाग टीव्हीवर लागला, तेव्हापासून आठवीच्या वर्गात सर बोलताना थांबले, की मुलं त्यांच्या आधी बाकांवर टकटक करायची. पुढे पालकसभेत सर बोलायला उभे राहिले, "म्हणजे बघा" म्हणाले, टेबलावर बोटं वाजवली — आणि मागून एक बाप ओरडला, "वा सर! हुबेहूब सर्वनाश!" सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. दादा खाली बसला. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला लेखी समज दिली: शिक्षकाने मुलांसमोर सिनेमातल्या खलनायकाची नक्कल करू नये.

नक्कल! दादाने! माझी!

"आम्हाला वाटलं, सरांना भावाचं फारच कौतुक आहे," बाई म्हणाल्या. मी घड्याळ पाहिलं आणि उठलो. निघताना त्यांनी मुलीसाठी सही मागितली.

७ मार्च

दिली. सही दिली. खाली "म्हणजे बघा!" असंही लिहिलं.

९ मार्च, शनिवार

लिहूनच टाकतो. इथे तरी.

दादा लहानपणापासून अडखळायचा. तो तेरा वर्षांचा, मी सात. मागच्या खोलीत दार लावून तो मोठ्याने पेपर वाचायचा, मी समोर बसायचो. ऐकायला कुणीतरी हवं म्हणून. एक दिवस शब्द काही केल्या येईना, तेव्हा त्याने वैतागून पत्र्याच्या पेटीवर दोन बोटं आपटली — आणि शब्द बाहेर! मग पुढचाही. अख्खा रकाना वाचला त्या दिवशी. घामाघूम झाला होता. मला म्हणाला, "कुणाला सांगू नकोस हं." 'म्हणजे बघा' त्याने नंतर जोडलं, तेवढीच उसंत मिळावी म्हणून. त्या दोन बोटांच्या जोरावर तो वर्गापुढे उभा राहिला.

आणि मी? पहिल्या भागासाठी माणसं निवडत होते तेव्हा माझं वय एक्केचाळीस. तोवर प्रेतं आणि हवालदार केले होते, प्रेतं जास्त. धमकी म्हणायला उभा राहिलो आणि पुढचा शब्दच विसरलो. बोटं आपोआप टेबलावर गेली. सगळे खो खो हसले. तिथे थांबता आलं असतं. मी पुन्हा करून दाखवलं, आणखी सावकाश, आणखी छान.

दादाला सांगून ठेवलं — फालतू सिनेमे आहेत रे, तू वेळ घालवू नकोस. तो बरं म्हणाला.

१० मार्च

दादाकडे गेलो. नकाशे गुंडाळून दोऱ्याने बांधत होता. मग माझ्याशी बोलायला बसला तो उजवा हात मांडीखाली दाबून. शब्द येईना, की वाक्यच सोडून द्यायचा. "मी आता... जाऊ दे." वहिनी माझ्याकडे पाहत होती. मी हवापाण्यावर बोललो. पाऊण तास! मग शूटिंग आहे म्हणून सटकलो. शूटिंग नव्हतं. रविवार होता.

१२ मार्च

आज टकटक न करता संवाद म्हटले. म्हटलं, निदान एवढं तरी. सगळीकडे शांतता. लाइटमनने जांभई दिली. दिग्दर्शकाने बाजूला घेतलं. "साहेब, बरं नाही का? खलनायक खराच वाटायला लागला हो!"

सातव्या टेकला बोटं वाजवली. सगळे हसले. आणि मला बरं वाटलं. लिहिताना कान तापलेत, पण खरं तेच आहे. बरं वाटलं.

१४ मार्च

पुन्हा शाळेत. बाईंना उभ्याउभ्याच सांगितलं — सर माझी नक्कल करत नाहीत. मी सरांची करतो. सात वर्षं झाली. बाईंचं हसू हळूहळू उतरलं. समज मागे घेते म्हणाल्या; राजीनामा त्यांनी अजून पुढे पाठवलेला नाही, संध्याकाळी सरांना फोन करणार आहेत. मग म्हणाल्या, "हे त्यांना माझ्याकडून कळावं, असं तुम्हाला वाटतं?"

लाज वाटली. सरळ दादाचं घर गाठलं. दारातच सगळं सांगितलं, बसलो असतो तर सांगितलं नसतं. पेटी, पेपर, निवड, टाळ्या, सही — सहीसुद्धा. दादा ऐकत होता. मग म्हणाला, "पहिला भाग मी... पहिल्याच आठवड्यात पाहिला. तुझं पहिलं मोठं काम." एवढंच. आत गेला आणि दार लोटून घेतलं. वहिनीने मला बस म्हटलं नाही.

म्हणजे सात वर्षं त्याला माहीत होतं. आणि मी दर वेळी त्याच्या घरी जाऊन पोटभर जेवत होतो.

१५ मार्च

दिग्दर्शकाला सांगितलं, टकटक बंद. तो म्हणाला, मग सर्वनाशसाहेबही बंद. चालेल म्हटलं. चालणार नाहीये, पण म्हटलं.

१६ मार्च

दादाचा फोन नाही. मी चार वेळा नंबर काढला, लावला नाही.

१८ मार्च, सोमवार

सकाळी आठला दादा दारात. हातात नवी कोरी वही. आत येऊन शाळेत परत जायचंय म्हणाला, पण टकटक केली की मुलं हसणारच, त्यांना काय ठाऊक ती आधी कुणाची. मग एकेक शब्द जुळवत म्हणाला, "तुला माणसाचं बोलणं उचलता येतं. मला... तुझं साधं बोलणं शिकव. टकटकीशिवायचं."

टोमणा नव्हता. वही उघडून, वर तारीख घालून बसला होता.