वरीलप्रमाणे

शिरूर, मंगळवार, १४ सप्टेंबर १९९९

निमोण्याची एक बाई पोट दुखतं म्हणून आज परत आली. मागच्या महिन्यात कुटुंबनियोजनाच्या शिबिरात तिचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं. पहिल्या बाईची नोंद पूर्ण, खाली प्रत्येकीपुढे 'वरीलप्रमाणे'. अक्षर माझंच.

त्या दिवशी एकीला रक्तस्राव होऊन जादा टाके पडले होते, एवढं आठवतं. ती हीच का? चेहरा आठवत नाही. सगळ्यांचंच वरीलप्रमाणे.

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, आता अंदाजानं पोट उघडायचं?"

बाईनं मला विचारलं, "माझं समदं लिवून ठिवलंय न्हवं?"

मी हो म्हणाले. वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटलं नाही.

तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायच्या चिठ्ठीत तिचं नाव-गाव तेवढं लिहिता आलं.