अंगठ्याची खाच

सोमवार, ता. १४
दुपार

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. माझं अक्षर ओळखून पाकीट तसंच कपाटावर टाकलं असशील, तर आधी ते फोड आणि मग रागाव. तीन वर्षांनी लिहितोय, तेवढा तरी मान दे.

इकडे सगळं ठीक. हिचा गुडघा कुरकुरतो, तोंड मात्र ठणठणीत आहे. लेक शाळेत शिकवायला लागली, मुलांवर ओरडून रोज घसा बसवून घेते. बाइंडिंगचं काम बरं चाललंय. आत्ता खळ वाळायची वाट बघत दुकानातच बसलोय. खिडकीतून पिवळं ऊन आलंय आणि त्यात कागदाची धूळ इतकी सावकाश तरंगतेय, की बघता बघता डोळा लागतो. हल्ली मला असा कुठेही डोळा लागतो.

डोळा लागला की एक कुरण दिसतं. गुडघाभर गवत, पलीकडे निवांत पाणी. काठावर आई पाय सोडून बसलेली असते. कितीतरी वेळ आम्ही नुसते बसतो. मग कोणीतरी दुकानाचं दार ढकलतं आणि मी पुठ्ठ्यांच्या ढिगात परत येतो. आईच्या स्तोत्रातलंच कुरण ते, बायबलातल्या 'परमेश्वर माझा मेंढपाळ'मधलं. लहानपणी ती निजताना म्हणायची आणि तू मला चिडवायचीस, "आपण सगळी त्याची मेंढरं, पण लंगडं कोण?"

आता स्तोत्राचा विषय निघालाच आहे, तर पुस्तकाचंही बोलतो. ते टाळण्यासाठीच गुडघ्यापासून सुरुवात केली होती.

आईचं स्तोत्रांचं पुस्तक खिळखिळं झालं होतं. तिच्या वाढदिवसाला मी ते नव्यानं बांधून दिलं. निळं कापड, सोनेरी अक्षरं. बांधणी झाली की तिन्ही कडा मशीनवर छाटायच्या, ही आमच्या धंद्याची रीतच. ती मी पाळली. आणि त्या कडेला आईची खाच होती. चाळीस वर्षं एकाच जागी अंगठा घालून तिनं तेच पान उघडलं, म्हणून पडलेली, काळपट, गुळगुळीत. नजर गेल्यावर ती त्या खाचेवरूनच आपलं स्तोत्र शोधायची. त्या दिवशी आपल्या सगळ्यांसमोर ती कडेवरून अंगठा फिरवत राहिली, फिरवत राहिली, आणि तिला काही सापडेना. तू ओरडलीस, "तिचे उरलेसुरले डोळे कापलेस तू!" मी म्हणालो, "मला काय ठाऊक! आणि तिला पाठ आहे, पुस्तक हवंय कशाला?" त्यानंतर अकराव्या दिवशी ती गेली. तेव्हापासून आपलं बोलणं बंद.

ताई, मला ठाऊक होतं.

मशीनखाली पुस्तक ठेवताना ती खाच माझ्या समोर होती. मी तिच्यावरून बोटसुद्धा फिरवलं. पण चार लोक पुस्तक हातात घेऊन बघणार, मळकी कड ठेवली तर माझं काम कच्चं दिसणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी दांडा खाली ओढला. आणि वर तुझ्यावरच आवाज चढवला. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

आईला मी हे सांगितलं होतं. ती जायच्या दोन दिवस आधी, तिच्या पलंगाशी बसून. मी रडत होतो आणि ती चक्क हसली. म्हणाली, "अरे वेड्या, मेंढरानं मेंढपाळाला शोधायचं असतं का? मला पान सापडलं नाही म्हणून मी त्याला थोडीच हरवले?" मग पुस्तक उघडलं, मिळेल त्या पानावर हात ठेवला आणि ते स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणाली. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण वाटलं, तिनं मला माफ केलं हे तुला कळलं, तर तूही करशील, आणि मला ते नको होतं. राग सोसणं सोपं वाटत होतं.

आता उरलेलं सांगतो. घाबरू नकोस. मला हा डोळा लागतो ना, तो काही म्हातारपणाचा नाही. डोक्याचे डॉक्टर म्हणाले, आत काहीतरी वाढतंय. ही म्हणाली, "चला, आत काहीतरी आहे हे तरी कळलं." आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन रडली.

तपासणीला त्या बोगद्यासारख्या यंत्रात घातलं, तेव्हा मी स्तोत्र म्हणायला लागलो. धाड धाड आवाज, नाकासमोर पांढरं छत. कुरण झालं, पाणी झालं, काळोखाच्या दरीपर्यंत आलो आणि पुढची ओळच आठवेना. मी, ज्यानं ते पाळण्यात ऐकलेलं! दरीतच अडकलो म्हण. पण ताई, खरं सांगतो, भीती वाटली नाही. शेजारून कोणीतरी चालत होतं, आणि त्याला घाई नव्हती. मी ओळ शोधायचं सोडून दिलं आणि त्याच्यासोबत चालत राहिलो. बाहेर काढलं तेव्हा मला झोप लागली होती.

गुरुवारी ऑपरेशन आहे. गाठ शब्दांच्या जागेजवळ आहे म्हणे. जगेन बहुधा, पण बोलणं जाईल, कदाचित समजणंही. मला मरणाचं एवढं नाही वाटत. ते स्तोत्र जाईल, याचं वाटतं. मग मी स्वतःला सांगतो, आईला पान सापडलं नव्हतं तेव्हा तो होताच की. सकाळी हे पटतं. दुपारी परत धाकधूक सुरू होते.

जमलं तर ये, असं लिहिणार होतो. पण तसं नाही, येच. मी शुद्धीवर येईन तेव्हा उशाशी बस आणि ते स्तोत्र मोठ्यानं म्हण. मला कळलं नाही, मी नुसता बघत राहिलो, तरी थांबू नकोस. तुलाही मी ओळखलं नाही, तरी म्हणत राहा. तो मला ओळखतो.

माफी मागतो, आणि वाट बघतो.

तुझाच,
लंगडा